आईचा होकार

सरकारला आमची भाषा आठवली तेव्हा गावात ती पुरती बोलणाऱ्या तीनच म्हाताऱ्या उरल्या होत्या. त्यातली एक माझी आई. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तरी घोडं आलं याचा मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू?

मी नवेगाव बांधच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गाव माझंच आणि शाळाही माझीच, पहिलीला मी इथंच बसले. पत्र आलं ते असं होतं : पहिली-दुसरीच्या मुलांना घरच्या भाषेतून, म्हणजे आमच्याकडे गोंडीतून, शिकवायला सुरुवात करायची. पुस्तकं येतील, मदतीला गोंडी बोलणारी एक बाई मिळेल. अट एकच होती. पालकसभा भरवून केंद्रप्रमुखांसमोर निम्म्याहून जास्त पालकांची संमती घ्यायची. ती मिळाली नाही तर हा वर्ग दुसऱ्या शाळेला जाईल. दुसऱ्या शाळेला गेलेली वस्तू आमच्याकडे परत आल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

कागदावर आमची मुलं घरी गोंडी बोलतात. खरं म्हणाल तर घरी इकडची मराठी, म्हणजे झाडीबोली, टीव्हीवर हिंदी आणि गोंडी फक्त लग्नातल्या गाण्यांपुरती. म्हणूनच गावातली चार पोरं आणि मी गेले वर्षभर दर रविवारी तिन्ही म्हाताऱ्यांना समाजमंदिरात बसवत होतो आणि त्या सांगतील ते शब्द वहीत उतरवत होतो. शाळेच्या भिंतीवर आम्ही चित्रं काढली. पाण्याखाली येर लिहिलं, मोहफुलांखाली इरुक. दोन वह्या भरल्या, पण वहीतल्या शब्दांनी कोणी बोलत नाही. वर्ग मिळाला तर निदान लहान तोंडं ते उच्चारतील, एवढाच माझा हिशेब होता.

आईचा एक विचित्रपणा मात्र मी सवयीनं विसरून गेले होते. रविवारी ती शब्द द्यायची, पण सुटे सुटे, टोपलीतून एकेक वांगं काढून द्यावं तसे. माझ्याशी अख्खं वाक्य ती गोंडीत बोलायची नाही. माझ्याशी तिची झाडीबोलीच.

सभा मोहाच्या दिवसांत, शाळेच्या पटांगणात लागली. पहाटे सगळं गाव फुलं वेचायला जातं, म्हणून मी अकराची वेळ ठेवली होती. पालक एकवीस. अकरा हात वर व्हायला हवे होते. सकाळी चहा देताना मी आईला म्हटलं, "माय, आज सभेत तू पयले बोलजो."

"बगू," ती म्हणाली.

तिनं आधी बोलणं का गरजेचं होतं, ते सांगते. आमच्या गावच्या बैठकीची रीत अशी की 'नाही' कोणीही, केव्हाही म्हणावं. 'हो' मात्र सर्वांत वयस्कर माणसानं म्हटल्याशिवाय दुसऱ्या कोणी म्हणायचं नाही. माझ्या वडिलांच्या मागं गावात सर्वांत वयानं मोठी माझी आईच. ही रीत माझ्या इतकी अंगवळणी पडलेली, की ती केंद्रप्रमुखांना सांगावी हे मला सुचलंच नाही.

केंद्रप्रमुख भले गृहस्थ, पण त्यांना दुपारी सौंदडच्या बाजूला आणखी एक सभा होती. मोटारसायकल लावता लावताच त्यांनी घड्याळ पाहिलं. भाषण छोटं केलं, शुद्ध मराठीत. गोंडी वाचवायची सभा, तिच्यात गोंडीचा एक शब्द नाही. मग ते म्हणाले, "ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

सगळे आईकडे बघत होते. ती पुढच्या सतरंजीवर, डोक्यावरून पदर घेऊन, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. तिचं तोंड बंद होतं. केंद्रप्रमुखांनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं.

तेवढ्यात दुसरीतल्या एका मुलीचा बाप उभा राहिला. तो गोंदियाला ऑटो चालवतो, बोलायला कोणाला भीत नाही. "सर, आमी दिवसभर हिंदीत कमावून राहिलो. पोट्ट्याईले इंग्लिश पायजे. गोंडी शिकून का मोहफूल येचाले पाठवता?"

"गोंडी शिकल्यानं इंग्रजी अडत नाही," मी म्हटलं.

"मंग मॅडम, तुमच्या पोरीले काऊन नाई शिकवली?"

आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. माझी पोरगी नागपुरात नोकरी करते आणि तिला गोंडीत स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नाही. माझे कान तापले. त्याचा मला राग आला, आणि तो बरोबर बोलत होता याचा जास्त आला.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "मलाच धड येत नाही, तर तिला काय शिकवू?"

यावर तो बसला, पण दोन-तीन माना त्याच्या बाजूनं हलल्या. केंद्रप्रमुख माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "मॅडम, असंच राहिलं तर मला नकार लिहावा लागेल. मी आणखी दहा मिनिटं थांबतो."

मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. रागानं नाही. परवानगी मागणारं माणूस बघतं तसं. आणि मला ते आठवलं.

मी आठ वर्षांची असेन. पाटी घरी विसरले होते, ती घेऊन आई शाळेत आली आणि याच पटांगणाच्या कडेनं तिनं मला गोंडीत हाक मारली. सगळा वर्ग फिदीफिदी हसला. गोंडी बोलणाऱ्या मुलाला गुरुजी दिवसभर ओट्याखाली उन्हात उभं करायचे. त्या दिवशी बोलली आई, पण उभी राहिले मी. संध्याकाळी घरी जाऊन मी तिला म्हटलं, "शाळेत यायचं असलं तर गोंडी बोलू नको. आणि माझ्याशी तर बोलूच नको." ती फक्त "बरं" म्हणाली. तोवर मी तिला यायो म्हणायचे. त्या दिवसापासून माय म्हणू लागले.

ते 'बरं' तिनं इतकी वर्षं पाळलं होतं. तिचं तोंड मी बंद केलं होतं आणि आता त्याच पटांगणात तेच तोंड मला उघडायला हवं होतं, दहा मिनिटांत, सरकारी माणसासमोर.

मी खुर्चीवरून उठले आणि आईसमोर मातीत बसले. "यायो," मी म्हटलं.

तिचा हात हलला. मी गोंडीत विचारायला लागले. पोरांना आपली भाषा शिकवायची का, एवढंच विचारायचं होतं. दोन शब्द नीट आले, तिसरा चुकला, चौथा आलाच नाही, तिथं मराठी घातला. मागं कोणीतरी हसलं. आईनं माझा चुकलेला शब्द दुरुस्त केला, हळूच, आणि मग ती बोलायला लागली.

ती बराच वेळ बोलली. अख्खी वाक्यं, एकामागून एक. मी तिला असं बोलताना लहानपणानंतर ऐकलं नव्हतं. बाकीच्या दोन म्हाताऱ्या मान डोलावत होत्या, एकीनं पदरानं डोळे पुसले. मला शाळा कळलं, पोरगी कळलं, पाटी कळलं. मधलं निसटत होतं. शेवटी काहीतरी विचारल्यासारखा तिचा आवाज वर गेला आणि ती थांबली.

हात तरीही वर झाले नाहीत. तरुण पालक एकमेकांकडे बघत होते. त्यांना माझ्याएवढंही कळलं नव्हतं.

"का म्हणली माय?" ऑटोवाल्यानं मला विचारलं. केंद्रप्रमुखही माझ्याकडे बघत होते, पेन उघडं.

मला नीट कळलं नाही, असं सांगायला हवं होतं. आईला झाडीबोलीत परत विचारायला हवं होतं. पण सगळ्या गावासमोर आईची भाषा मला कळत नाही हे दुसऱ्यांदा कबूल करायची हिंमत झाली नाही, आणि घड्याळाचा काटा पुढं चालला होता.

"हो म्हणाली," मी सांगितलं.

एक हात वर झाला, मग चार, मग भराभर. केंद्रप्रमुखांनी मोजले. चौदा. ऑटोवाल्याचा हात सगळ्यात शेवटी आला, अर्धवट, कोपरापर्यंत. फॉर्म भरला, सह्या-अंगठे झाले, मोटारसायकल गेली. वह्या भरणाऱ्या चार पोरांनी माझ्याकडे मी मोठं काम केल्यासारखं पाहिलं. मला मात्र आईकडे बघवत नव्हतं.

घरी येऊन ती अंगणात वाळत घातलेली मोहफुलं उलथायला बसली. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "तू सभेत का म्हणली?"

तिनं झाडीबोलीतच सांगितलं, मला कळावं म्हणून. "तुई पाटी आणली होती तो दिवस सांगतला. तू म्हणली होती ना, शाळेत गोंडी बोलू नोको म्हणून. थेच सांगतलं सगळ्याईले."

"अन् शेवटी?"

"शेवटी तुले इचारलं, आता बोलू का इथं?" ती फुलं उलथत राहिली. "तू त मराठीत त्याईलेच सांगत बसली. मले काई सांगतलंच नाई."