मी वर्डस्टार का सोडला नाही

“बाई, नाव कसं राहिलं?” वकीलसाहेबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं.

समोर वडपे गावचे तीन भाऊ आणि त्यांची बहीण ताराबाई बसली होती. वडिलांची हायवेलगतची जमीन गोदामासाठी द्यायची होती. करार मी टाईप केला होता. भावांच्या सह्या झाल्या होत्या, ताराबाईंचा अंगठा राहिला होता. तो शाईच्या पॅडवर टेकवून झाल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, “बाय, माजं नाव कुठं हाय? त्याच्यावर बोट ठेव.”

मी शेवटच्या पानावर ठेवलं. तिथं त्या ‘संमती देणार’ होत्या. म्हणजे जमिनीत माझा हिस्सा नाही आणि माझी हरकतही नाही, असं लिहून देणारी.

“आन् पयल्या पानावर? भावांसंगं?”

“तिथं नाही,” मी म्हणाले.

थोरला बाळाराम लगेच बोलला. “टायपिंगमदी ऱ्हायलं असंल. तू अंगठा दे तारे, मागनं घालतील.”

झालं, खापर माझ्या डोक्यावर. मी टाईपरायटरच्या काळापासून त्या ऑफिसात होते. राग आला आणि भीतीही वाटली. घरात पगार माझा एकटीचा. जमीनमालकाचं नाव खाणारी टायपिस्ट अशी बोंब कोर्टात झाली असती, तर कामतघरपासून वडप्यापर्यंत मला कुणी दारात उभं केलं नसतं.

खरं असं घडलं होतं. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी सातबाऱ्यावरून चारही नावं घातली होती. बाळाराम तो ड्राफ्ट घरी घेऊन गेला आणि पेननं दुरुस्त्या करून घेऊन आला. साहेबांनी त्यावर नजर फिरवली, मी दुरुस्त्या टाईप केल्या. एक नाव कापलेलं दिसलं. म्हटलं, भावाबहिणीत ठरलं असेल. विचारलं नाही, एवढी चूक माझी. तो दुरुस्त्यांचा कागद बाळारामनं नंतर मागून नेला होता.

आता वर्डस्टारबद्दल, म्हणजे मी ज्यात टाईप करायचे त्या जुन्या प्रोग्रॅमबद्दल. साहेबांनी तेव्हा नवीन विंडोजवालं मशीन घेतलं होतं. “सगळं कोर्ट माऊसवर गेलं, तुम्हीच राहिलात,” असं ते आठवड्यातून एकदा म्हणायचे. मी जुन्याच मशीनवर बसायचे. मराठीसाठी त्यात वेगळं कार्ड घातलेलं होतं. माऊस नव्हता, सगळं बोटांवर. पण माझ्या लेखी त्याचा मोठा गुण वेगळा होता. फाईल सेव्ह केली की हा प्रोग्रॅम आधीची प्रत फेकून देत नाही. तिला शेपटीला ‘बॅक’ लावून बाजूला ठेवतो, कुणी सांगायची गरज नाही. ठेवतो मात्र एकच. पुन्हा सेव्ह केलं की ती गेली.

“तुम्ही आत्ता फाईलमध्ये नाव घालून ठेवा,” साहेब म्हणाले. “प्रिंट उद्या काढू. ताराबाई, तुम्ही आज अंगठा देऊन टाका, पुन्हा खेप नको.”

मी मशीनवर बसले, पण फाईल उघडली नाही. नाव घालून सेव्ह केलं असतं, तर जुना ड्राफ्ट पुसला गेला असता आणि चूक कायमची माझी झाली असती. ‘बॅक’ फाईल हा प्रोग्रॅम थेट उघडू देत नाही. म्हणून आधी तिची दुसऱ्या नावानं कॉपी केली आणि तिची प्रिंट लावली.

“ताराबाई, थांबा जरा,” मी म्हणाले. “दोन मिनिटं.”

दोन्ही कागद मी त्यांच्यापुढे ठेवून वाचले. शेजारी कापडाचे लूम चालू होते, त्यामुळे मोठ्यानं वाचावं लागलं. जुन्यात वारस चार, ताराबाईंचा एक चतुर्थांश. नव्यात वारस तीन, प्रत्येकी एक तृतीयांश.

“साहेब, माझ्या हातून एखादं नाव सुटेल,” मी म्हणाले. “पण प्रत्येक पानावर चाराचे तीन होणार नाहीत. हे दुरुस्त्यांच्या कागदावरून झालंय. तो कागद बाळारामभाऊंकडे आहे.”

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. धाकटे दोघे भाऊ चपला शोधायला लागले. बाळाराम म्हणाला, “तिला लग्नात दिलंय समदं.”

“म्हंजी ऱ्हायलं न्हाय, काढलं,” ताराबाई म्हणाल्या. शाईचा अंगठा त्यांनी पदराला पुसला. पदर खराब झाला, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. “चार नावांचा कागद करा. मंग येतंय मी.”

महिनाभर भावांनी तोंड फिरवलं. मग गोदामवाल्याला घाई झाली आणि चार नावांचा करार झाला. ताराबाईंनी अंगठा द्यायच्या आधी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. त्यानंतर ड्राफ्टमध्ये कुणाचं नाव कापलेलं दिसलं की मी सांगायला लागले, आधी त्या माणसाला समोर आणा. साहेबांना ते फारसं आवडायचं नाही.

पहिला करार फिसकटला त्या दिवशी संध्याकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. मी पर्स घेऊनच गेले. नोकरीबद्दल ते काही बोलले नाहीत. पेपरवेट फिरवत म्हणाले, “ते जुनी प्रत ठेवण्याचं, ते बंद करता येतं का हो?”

येत होतं. मॅन्युअलमध्ये अर्धं पान होतं त्यावर.

“नाही येत, साहेब,” मी म्हणाले.