कपाट क्रमांक एक्केचाळीस

“बिटिया, किताब सामने दिख रही है और कंप्यूटर कहता है, है ही नहीं.” नसरीन आपांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

आपा उर्दूच्या निवृत्त शिक्षिका. मानिक चौकामागच्या गल्लीत उर्दू वाचनालयाची एक खोली आहे, ती त्या एकट्या सांभाळतात. वाचनालय ज्या ट्रस्टचं आहे त्याला ती खोली दुसऱ्या कामासाठी हवी होती. यादी कॉम्प्युटरवर सर्च करता आली तर खोली राहील, नाहीतर पुस्तकं शहराबाहेर बिजौलीच्या गोदामात जातील, असं ठरलेलं. त्या दिवशी बुधवार होता आणि ट्रस्टची कमिटी शुक्रवारी बघायला येणार होती.

जुन्या फाइली नव्या सिस्टिमला कळतील अशा करून देणं हा माझा धंदा. उर्दू मला वाचता येत नाही. तरी “शाम तक हो जाएगा” म्हणून मोकळी झाले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

यादी पीडीएफमध्ये होती. त्यातला मजकूर कॉपी करून एक्सेलमध्ये टाकला. आपांनी चष्मा लावून पाहिलं आणि सांगितलं, की प्रत्येक नाव शेपटीकडून सुरू होतंय.

मग मी अक्षरांचे कोड उघडले. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, नंबर कळतो. उर्दूचं अक्षर शब्दाच्या सुरुवातीला वेगळं दिसतं, मध्ये वेगळं, शेवटी वेगळं. तरी नियमाप्रमाणे त्याचा नंबर एकच. आकार कुठला दाखवायचा ते फॉन्ट बघतो. आपण नाही का, त, हलंत, त टाइप करतो आणि जोडाक्षर आपोआप तयार होतं. पण जुन्या सॉफ्टवेअरच्या सोयीसाठी प्रत्येक आकारालाही एकेक वेगळा नंबर दिलेला आहे. या यादीत सगळे ते आकारांचे नंबर भरले होते, तेही उलट्या क्रमाने. कागदावर चित्र बरोबर दिसायचं. सर्च मात्र खऱ्या अक्षराचा नंबर शोधत होता, आणि तो फाइलमध्ये कुठेच नव्हता.

मी वैतागले. “किस गधे ने बनाया है ये?”

आपा शांतपणे म्हणाल्या, “तुमने, बिटिया.”

खरंच होतं. शिकत असताना खंडेराव गेटजवळच्या एका प्रेसमध्ये मी डीटीपी करायचे. तिथलं सॉफ्टवेअर फक्त डावीकडून उजवीकडे लिहायचं आणि अक्षरं सुटी सुटी टाकायचं. आपा शेजारी बसून बोट दाखवायच्या, मी तक्त्यातून एकेक आकार उचलून शेवटाकडून लावत जायचे. यादी छापून आली तेव्हा आपांनी अख्ख्या प्रेसला पेढे वाटले होते. मीही दोन खाल्ले होते. आता ते आठवून कान गरम झाले.

आपांना हसू आवरत नव्हतं. मला आधी लाज वाटली, मग मीही हसले.

उपाय सोपा होता. एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक ओळ उलटी फिरवायची आणि आकाराच्या नंबरजागी मूळ अक्षराचा नंबर टाकायचा. संध्याकाळी सर्च चालू झाला. आपांनी वीस-पंचवीस नावं शोधून पाहिली, सगळी सापडली.

शुक्रवारी कमिटीचे अध्यक्ष वर्माजी स्वतः लॅपटॉपसमोर बसले. आपांनी एका पुस्तकाचं नाव टाइप करून दिलं. पुस्तक लगेच आलं. वर्माजींनी पुढचा रकाना वाचला आणि खोलीभर नजर फिरवली.

“मैडम, अलमारी नंबर इकतालीस लिखा है. यहाँ तो कुल चौदह हैं.”

आपांचा चेहरा उतरला. मी वाकून तो रकाना पाहिला. मग डोक्यात प्रकाश पडला. उर्दू उजवीकडून वाचतात, पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून. माझ्या प्रोग्रॅमने अख्खी ओळ फिरवताना आकडेही फिरवले होते. आम्ही बुधवारी नावंच तपासत बसलो, पुस्तक काढायला कपाटापर्यंत कोणी गेलंच नाही.

“दो मिनट दीजिए,” मी म्हणाले. पाच लागले. आकडे वगळून यादी पुन्हा फिरवली. एक्केचाळीसचे चौदा झाले. आपांनी चौदा नंबरचं कपाट उघडलं, पुस्तक काढलं, पदराने पुसलं आणि वर्माजींच्या हातात दिलं.

खोली राहिली. या धंद्यात मी तेव्हापासून एक नियम पाळते. सर्च चालला म्हणून काम झालं असं म्हणायचं नाही. उठून कपाट उघडून बघायचं. आणि गाढव कोण, हे मोठ्याने विचारायचं नाही.