वाटेवरची माती

सिद्धेश्वरच्या धरणाखाली कालव्याच्या कडेनं मेंढरांचा कळप चालताना दिसला, तर मागं संपतराव असणारच. हा माणूस गावांचं अंतर कोसांत सांगत नाही, मुक्कामांत सांगतो. रानं मोकळी झाली की कळप घेऊन निघायचं, कुणाच्या वावरात मेंढरं बसवायची, त्याच्या मातीला खत आणि आपल्या घराला धान्य मिळवायचं, औंढ्यावरून पुसेगावच्या पुढं जायचं आणि पावसाच्या तोंडाला माघारी वळायचं. उभा जन्म असा चालण्यात गेला. वाट त्याला कधी कुणाला विचारावी लागली नव्हती.

दोन हजार चार साली मात्र त्याला दिशाच कळेनाशी झाली.

त्याचा मुलगा रामप्रसाद मस्कतला बांधकामावर गेला होता. निघताना संपतरावानं विचारलं होतं, मस्कत किती मुक्काम? पोरगा हसला होता. मग बापाच्या खांद्यावरची घोंगडी सारखी करत गाडीत बसला होता.

एका दुपारी शिरड शहापूरहून बाबूसिंगाचा निरोप आला. बाबूसिंगाचा तिथं एसटीडी बूथ होता आणि रामप्रसादाचे फोन त्याच्याकडंच यायचे. संपतराव गेला. फोनवर जळबा होता, नांदेडकडचा, रामप्रसादाच्या खोलीतच राहणारा. रामप्रसाद झोपेतच गेला, असं तो म्हणाला. सकाळी हलवून उठवलं तर अंग गार होतं. मग त्यानं विचारलं, कंपनी इचारून राहिली, इथंच माती द्यायची का घरी पाठवायचं?

संपतरावाला हा प्रश्न अवघड वाटला नाही. त्या दिवशी त्याला कळलेली तेवढी एकच गोष्ट होती.

"जिथं गेला तिथंच माती द्या," तो म्हणाला. "आमच्यात तसंच आसतं."

त्याच्या घराण्यात तसंच होतं. मेंढरांमागं चालता चालता गेलेल्या माणसाला माघारी आणत नसत. त्याचा थोरला भाऊ पुसेगावच्या अलीकडं पान लागून, साप चावून गेला. तिथंच पळसाखाली त्याला माती दिली, उशाला धोंडा रोवला. दर साली कळप तिथं थांबतो. पहिल्या धारेचं दूध धोंड्यावर पडतं, मेंढरं भोवती बसतात, संपतराव भावाला घरचं बरंवाईट सांगतो आणि पुढं निघतो.

जळबा म्हणाला, काका, एकदा घरात इचारा. संपतरावानं फोन ठेवला.

घरी बनाबाईला त्यानं सगळं सांगितलं, माती देण्याचंही. आपण रीत मोडली नाही, एवढाच त्याला आधार होता. सून सीमा चुलीपुढून उठली आणि आतल्या अंधारात जाऊन बसली. बनाबाई रडली नाही.

"भाऊजीपाशी दर साली थांबता," ती म्हणाली. "माझ्या लेकरापाशी कवा थांबणार? कोणती मेंढरं जातात तिकडं?"

संपतराव उंबऱ्यावर टेकला. रीत बापानं शिकवली होती. पण बापाच्या रितीत समुद्र नव्हता.

उजाडताच तो पुन्हा बूथवर हजर झाला. जळबा कामावर होता. दुसऱ्याच कुणी हिंदीत काहीबाही सांगितलं आणि फोन कट झाला. संध्याकाळी जळबा सापडला. कंपनीनं मातीची तयारी चालवली होती. बापाची सही पोचली तरच थांबेल म्हणाला. आता संपतरावाच्या मनात वेगळाच घोळ. मयताच्या बाबतीत दिलेला शब्द फिरवावा का? फिरवला तर भाऊ काय म्हणेल, बाप काय म्हणेल? त्यानं बाबूसिंगाला विचारलं.

"मामा, ते दोघं पायी गेलते," बाबूसिंग म्हणाला. "तुमचं पोरगं इमानात बसून गेलं. त्याचा हिशोब त्यांना कसा कळावा?"

हिंगोलीला फॅक्सच्या दुकानात जाऊन संपतरावानं 'पोरगं घरी पाठवा' अशा कागदावर अंगठा दिला. दुकानदारानं तो कागद यंत्रात घातला, यंत्र किरकिरलं आणि कागद खालून बाहेर आला. दुकानदार म्हणाला, गेला. संपतरावानं कागद हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. अंगठा जिथल्या तिथं होता.

"गेला म्हणता, आन् हा तर इथंच हाये."

दुकानदारानं समजावलं, बाबूसिंगानं समजावलं. अखेर त्याच्या समाधानासाठी तो पुन्हा पाठवला. तरी वाटभर संपतराव कागद चाचपत होता. जे गेलंय ते इथं कसं, आणि जे इथं आहे ते गेलं कसं?

पण कागद पोचला होता. पुढं कितीतरी दिवस काहीच कळेना. आज निघणार, उद्या निघणार, एक शिक्का राहिला. शेवटी हैदराबादला विमानतळावर या, असा निरोप आला. बाबूसिंग जीप घेऊन बरोबर आला. माणसं उतरत होती त्या दारात संपतराव उभा राहिला. तिथून त्याला मागं माल उतरवतात तिकडं पाठवलं. टीव्हीच्या खोक्यांशेजारी एक लांब पेटी होती. संपतरावानं पेटीवर हात ठेवला. आतून काही उमटेल असं उगाच वाटलं.

घरी आणून दारात पेटी उघडली. बनाबाईनं लेकाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि तेव्हा कुठं तिचा हंबरडा फुटला. सीमा पायांशी बसून राहिली. लोक म्हणाले, चला, मसणवाट्यात खड्डा तयार हाये. संपतराव हलेना. वाटेवर गेलेल्याला वाटेवर माती, एवढं तरी राहू द्या म्हणाला. पण वाट कोणती? विमानाची? तो कधी वर बघायचा, कधी खाली.

तेव्हा बनाबाईच उठली. गावाबाहेर ओढ्याच्या वळणावर कळप पहिल्यांदा पाणी पितो, तिथवर चालत गेली आणि उभी राहिली.

तिथं रामप्रसादाला माती दिली.

त्या साली कळप निघाला तेव्हा ओढ्यावर संपतरावानं लेकाच्या उशाला रोवलेल्या धोंड्यावर दूध घातलं. बनाबाई घोंगडीचा तुकडा घेऊन आली होती, तो धोंड्यावर घालून गेली. पुढं पुसेगावच्या अलीकडं पळसाखाली तो भावापाशी बसला. शब्द फिरवल्याचं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "रामप्रसाद आला बरं. आपल्या वाटेवर हाये."

मेंढरं रवंथ करत होती. भाऊ कबूल आहे का रागावलाय, ते संपतरावाला काही उमगलं नाही. त्यानं काठी उचलली आणि कळप उठवला.