एकेकटं लोखंड

"लोखंड एकेकटं असंल तरच काम करतंय. घोळका झाला की बसलंच." असं म्हणून ताई आमच्या चहाच्या घोळक्याकडं एकदा बघायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ताई माझ्या शेजारच्या टेबलावर पीएच.डी. करत होत्या. संसारातून सवड काढून, उशिरा सुरू केलेली. मंद्रूप गावाहून रोज एसटीनं प्रयोगशाळेत यायच्या. झिओलाइट म्हणजे बारीक छिद्रांची पांढरी भुकटी. तिच्यात त्या लोखंड बसवायच्या. कारखान्याच्या धुरातला विषारी वायू त्यानं मोडतो, पण लोखंडाचे अणू सुटे सुटे बसले तरच. एकमेकांना चिकटले की नुसता गंज.

भट्टीतून भुकटीची वाटी निघाली की ताई ती खिडकीशी तिरकी धरायच्या. तांबूस झाक दिसली की बाजूला ठेवायच्या. ऐन मे महिन्यात भट्टी चालू असताना वीज जायची आणि सगळं पहिल्यापासून करावं लागायचं. "ती पन दमली असंल की," ताई म्हणायच्या आणि भाकरीचा डबा उघडायच्या.

एकदा भुकटी पांढरीशुभ्र निघाली. आम्ही पेढे आणले. मग पुण्याहून तपासणीचा आलेख आला. त्याच्या उजव्या टोकाला बारीकसा उंचवटा होता. भुकटीत डोळ्याला दिसला नव्हता, पण थोडा गंज होताच.

ताईंचे मार्गदर्शक सर म्हणाले, "एवढंसं तर आहे. आलेख त्याच्या अलीकडंच कापा. तुमची मुदत संपत आलीय."

"दिसलंय की सर. आता न दिसल्यासारखं कसं करू?"

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. मुदत संपली, प्रबंध राहिला. मला ताईंचा राग आला आणि फार वाईटही वाटलं. शेवटची वाटी भट्टीत ठेवून त्या निघाल्या. "तुमीच काढा. माज्यानं आता बगवत न्हाय."

आता त्या गावाकडच्या शाळेत विज्ञान शिकवतात. त्या वाटीतली भुकटी मी पुण्याला पाठवली होती, तिचा आलेख काल आला. उंचवटा कुठंच नव्हता. मी लगेच फोन केला. मागं पोरांचा गलका चालला होता.

"अजून एकदा करून बगा," ताई म्हणाल्या. "एकदाच आलेलं धरायचं न्हाय."

आज भट्टी लावली आहे. बाकीचे चहाला गेलेत. मी एकटाच बसलोय.