सारजाला दिसलेला कोयता

सारजा भिगवणच्या बाजारात मासे कापून देते. दादासो हा तिचा धाकटा भाऊ. तो लिलावात मासे घ्यायचा, ही कापायची. समोर लाकडी ठोकळा, हातात कोयता. एकदा कापता कापता वर बघितलं आणि डाव्या करंगळीचं पेर गेलं. तेव्हापासून तिची रीत ठरली. कापताना नजर पात्यावर, आणि पिशवी हातात देताना मात्र मान वर करून गिऱ्हाइकाचं तोंड नीट बघायचं.

आम्ही बारामतीचे, पण मासे तिच्याकडचेच. त्या रविवारी दुपारी माझा मुलगा अविराज चिलापी मासे आणायला गेला होता.

"आईला म्हणावं, काटं काढायला सून आण आता," सारजा म्हणाली.

"आधी शिकू तर दे, आत्या."

तिने हसून पिशवी दिली. तो वळला, तिची नजर पुन्हा पात्यावर गेली, तेवढ्यात गर्दीतून एक माणूस कोयता घेऊन दादासोवर धावून आला. दादासो वाकून बर्फ फोडत होता. पहिला घाव मानेत बसला. दुसऱ्याला त्याने हात आडवा घातला, तो मनगटातून लोंबला. तिसरा घाव कवटीत रुतला आणि मारणाऱ्याला पाय देऊन कोयता उपसावा लागला. पेटीतला बर्फ लाल झाला. पाट्या उलथल्या, लोक मासे तुडवत पळाले. अविराजही पळाला. त्याच्या शर्टावर रक्त उडालं होतं.

सारजाने पोलिसांना सांगितलं, "बारामतीचं पोरगं. चिलापी नेतंय ते."

पोलिसांच्या आधी दादासोचा चुलतभाऊ हिंदुराव माणसं घेऊन आमच्या दारात आला. अविराजला केसांना धरून ओढत रस्त्यावर नेलं आणि लोखंडी पान्याने मारलं. त्याच्या बरगड्या मोडल्या. मी मध्ये पडले तर मला भिंतीवर ढकललं. पुढे पोलिसांनी त्याला अटक केली आणि तुरुंगात ओळखपरेड झाली. रांगेतल्या अविराजच्या खांद्यावर सारजाने न अडखळता हात ठेवला.

ती खोटं बोलत नव्हती, म्हणूनच मला तिची भीती वाटत होती.

आमच्या वकील विजयमालाताईंनी मला काही संशोधन वाचायला दिलं. एका प्रयोगात काही लोकांना दुकानातल्या एका माणसाची चित्रं दाखवली. काहींच्या चित्रांत त्याच्या हातात पिस्तूल होतं, काहींच्या चित्रांत नुसता चेक. बघणाऱ्यांच्या डोळ्यांची हालचाल यंत्राने टिपली. पिस्तूल बघणाऱ्यांची नजर पुन्हा पुन्हा पिस्तुलावरच जात होती आणि त्यांना चेहरा कमी ओळखता आला. मेंदूजवळ लक्ष मोजकंच असतं. जिवावर बेतणारी वस्तू दिसली की ते सगळं तिच्याकडे जातं. मागाहून आठवताना कधी कधी दुसरीकडे पाहिलेला ओळखीचा चेहरा त्या रिकाम्या जागी येऊन बसतो, आणि माणसाला ते कळतही नाही.

"पण प्रयोगावर न्यायाधीश तुमच्या मुलाला सोडणार नाहीत," विजयमालाताई म्हणाल्या. "तिलाच आठवावं लागेल."

बारामतीच्या कोर्टात सारजा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. विजयमालाताईंनी आधी कोयत्याचं विचारलं.

"ऊस तोडायचा. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. टोकाला पातं गंजानं खाल्लेलं."

"मारणाऱ्याचा शर्ट?"

"ध्यानात न्हाय."

"उंच होता की बुटका?"

"न्हाय सांगता येत."

"आणि तोंड?"

तिने अविराजकडे बोट केलं. "ह्योच."

"हे तोंड तुम्ही कधी पाहिलंत? डोळ्यांपुढे आणा आणि सांगा."

"म्होरंच हुतं की. हासत हुतं. पिशवी घेत हुतं."

"तेव्हा कोयता कुणाच्या हातात होता?"

"माझ्या," ती म्हणाली, आणि तिचं बोट खाली आलं.

तिने न्यायाधीशांकडे बघितलं. "सायेब, ह्याचं तोंड पिशवीपाशी हाय. त्या कोयत्यापाशी तोंडच न्हाय. किती आठवतीय, नुसतं पातंच दिसतंय." मग कठड्यावर कपाळ टेकून ती रडली. भावाला मारणारा तिने त्या क्षणी कायमचा गमावला होता.

कोर्टाबाहेर हिंदुराव उभाच होता. "रांडे, भावाचं रक्त इकलंस व्हय?" म्हणत त्याने दगड हाणला. तिची भुवई फाटली. मी पदर दाबून धरला, तो भिजून गेला. हवालदाराने विचारलं, कुणी मारला?

"दगूड दिसला," सारजा म्हणाली. "तोंड न्हाय बघितलं."

तिने नक्की बघितलं होतं. पण तो भावाच्या मागे तिच्या घरात उरलेला एकच पुरुष होता.

अविराज सुटून घरी आला. बाजारात जात नाही. मागून कुणी पळालं तरी दचकतो. परवा मासे आणायला मीच गेले. सारजा कापत होती आणि दर घावाला मान वर करून येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं बघत होती. डाव्या हाताच्या दोन बोटांना चिंध्या बांधल्या होत्या, एकीतून रक्त ठिबकत होतं.

"सारजाबाई, खाली बघून कापा."

"खाली बघत हुते म्हणून तर गेला की दादासो," ती म्हणाली, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघत तिने कोयता मारला.