गेटवरचा तानोद

माझी लेक दुबईला नर्स आहे. तिच्या खोलीत फिलिपिन्सची एक मुलगी राहते. व्हिडिओ कॉलवर लेकीपेक्षा तीच जास्त बोलते आणि लेक बिचारी दुभाषी होऊन बसते. एकदा तिने सांगितलं, तिचे वडील गावात ‘तानोद’ आहेत. तानोद म्हणजे पहारा देणारा. हातात काठी, खिशात शिट्टी. पण बाहेरून आणलेला नव्हे, वस्तीतलाच माणूस. त्यांच्याकडे वस्तीला ‘बारांगाय’ म्हणतात, आणि तो शब्द होडीच्या नावावरून आला असं मानतात. एका होडीतून आलेली माणसं जिथे उतरली, ती एक वस्ती.

“म्हणजे आपला जागल्या की!” मी म्हटलं. जागा राहतो तो जागल्या. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीचा जागल्या मात्र दुपारी तीनला असा घोरतो, की पाण्याची मोटर चालू राहिली असं वाटावं.

हे आमचे वॉचमन बाबा, नामपूरकडचे. तानोदाची गोष्ट मी त्यांना कौतुकाने सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि शांतपणे विचारलं, “तो दुपारले झोपस का नही?”

पुढच्याच महिन्यात सभेत ठरलं, बाबांना काढायचं आणि एजन्सीची गणवेशातली माणसं आणायची. हात माझाही वर होता, खोटं कशाला बोलू? सेक्रेटरी मी, म्हणून त्यांना सांगण्याचं काम माझ्याच गळ्यात पडलं. शिवाय चाव्या परत घ्यायच्या होत्या. आमच्या सगळ्या घरांची एकेक जादा चावी बाबांच्या केबिनमध्ये खिळ्यांवर टांगलेली असते.

मी तोंड उघडायच्या आत बाबांनी चाव्यांची पिशवी पुढे केली. गेटवर बसणाऱ्या माणसापासून सोसायटीची बातमी लपते होय! पिशवीबरोबर एक शाळेची वही होती.

“नवा मानूसले द्या, ताई. त्याले काहीच माहीत नही.”

वहीत घराचा नंबर आणि पुढे एक-दोन ओळी. ‘आजोबांना ऐकू येत नाही. बेल दोनदा.’ ‘बाळ दुपारी झोपतं. कुरियर खालीच घेणे.’ मी माझा नंबर शोधला. ‘ताई चावी विसरतात. मागायला लाजतात. न मागता द्यावी.’

मला रडूच आलं. माझीच मला लाज वाटली. पिशवी तिथेच ठेवली, वही तेवढी उचलली आणि लगेचच्या रविवारी पुन्हा सभा बोलावली. प्रत्येकाला त्याच्या घराचं पान वाचायला दिलं. एजन्सीचं नाव मग कुणी काढलं नाही.

बाबा आहेत. तीन वाजता घोरतातही. परवा मी पुन्हा चावी विसरले. त्यांची झोपमोड नको म्हणून चोरपावलांनी केबिनमध्ये शिरले आणि खिळ्याकडे हात नेला. घोरणं थांबलं. डोळे मिटलेलेच.

“वरला नही, ताई. खालना.”