गुणाजीची मिशी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायको म्हणते, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. बिचारी! नाताळाच्या आधी फादरपुढे गुडघे टेकून कुमसार करतो, वर्षाची पापं सांगतो — रागावलो, हेवा केला, मिस्सा चुकवली. तिथेही हे बाहेर आलं नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही. स्वस्थ बसवत नाही, एवढंच.

आमच्या चर्चचा एक गट आहे. कणकवलीच्या एसटी स्टँडबाहेर, पत्र्याच्या आडोशाला जे बेघर लोक झोपतात, त्यांना आम्ही रविवारी मिस्सा झाल्यावर जेवण देतो. काम चांगलं आहे. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा चर्चलाच नावं ठेवायला निघाला. खोट आहे ती माझ्यात.

पुढे त्यांना आंघोळ घालायची, केस कापायचे असंही ठरलं. माझं विजेच्या वस्तूंचं दुकान. केस कापायचं मशीन मीच दिलं आणि चालवायलाही मीच पुढे झालो. पुढे पुढे करायची मला भारी हौस! त्या रविवारी बिशप आमचं काम बघायला येणार होते, सोबत फोटोवाला. सगळ्यांची नुसती लगीनघाई.

तिथे गुणाजी नावाचा एक माणूस राहायचा. पन्नाशीचा, डोक्यात उवा, ओठ झाकणारी मिशी. आंबोलीकडून गाडी आली की उठून उभा राहायचा. आई येणार म्हणायचा. डोक्याने जरा हललेला आहे, असं आम्ही म्हणायचो. आम्हाला काय ठाऊक होतं त्याच्याबद्दल?

डोकं त्याने भादरू दिलं, उवांनी तोही कंटाळला होता. मशीन मिशीकडे नेलं तसा त्याने माझा हात धरला.

"मिशी नको रे. आवस जिती आसा माजी."

आता मी म्हणू शकलो असतो — आम्ही ख्रिस्ती, आम्हाला यातलं काय कळतं? पण कळत होतं हो! शेजारचा दिगंबर आणि मी एकत्र वाढलो. त्याचे वडील गेले तेव्हा डोकं-मिशी उतरवून तो पडवीत बसला होता, आणि त्याच्या बाजूला मी होतो. जुन्या वळणाचा माणूस आईबाप असेपर्यंत मिशी उतरवत नाही, हे मला गुणाजीइतकंच ठाऊक होतं.

मिशी राहिली असती तर काय बिघडणार होतं? काही नाही. पण चकोट डोक्याखाली ती वेडीविद्री दिसत होती, आणि बिशपांची गाडी येऊन थांबली होती. मी हात सोडवून घेतला आणि एका बाजूने मशीन फिरवलंच.

त्याने ओठावरून बोट फिरवलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "गेली काय रे आवस?"

आणि मी — थांबा, सांगतो — मी मान हलवली. हो म्हणून.

का? तो गप्प बसावा म्हणून. उरलेली बाजू उरकावी म्हणून. त्याची आई कुठे आहे, आहे की नाही, मला काडीचीही माहिती नव्हती. तो खरंच गप्प बसला. हनुवटी स्वतःच वर करून दिली. बिशपांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, फोटो निघाला. किती शांत झालाय बघा, असं कुणीतरी म्हणालं. बहुधा मीच.

पुढच्या रविवारी तो गाड्यांकडे पाठ करून बसला होता. जेवणाचं पाकीट दिलं, ते त्याने कुंपणाच्या भिंतीवर कावळ्यांसाठी उघडून ठेवलं आणि लांब जाऊन उभा राहिला. आमच्यातली रोझीबाय चिडली, "अन्नाची नासाडी कित्याक रे करतंस?" मला कळलं तो काय करतोय. मी खाली बघून पाण्याच्या बाटल्या वाटत राहिलो. गुणाजी, मी खोटं बोललो — एवढं म्हणायला काय लागत होतं?

त्यानंतरच्या रविवारी तो शेवटचा दिसला. पुढे कुठे गेला, कुणालाच कळलं नाही. घरी गेला असेल, असं गटात मीच सांगितलं आणि सगळ्यांना बरं वाटलं. पण त्या शेवटच्या रविवारी तो आमची वाट बघत होता. अंग धुतलेलं. कागदावर बिस्किटं आणि केळ्याचे काप मांडलेले, कुठून मिळवले देव जाणे. आमच्या प्रत्येकाला त्याने हाताने वाढलं. मंडळींना फार कौतुक वाटलं. माझ्यापुढे आला तेव्हा म्हणाला,

"आवशीच्या बाराव्याचा आसा, तुमी रविवारीच येतास म्हणान आज. नाय म्हणा नको. तूच माका सांगलंस. दुसऱ्या कोणी सांगूक नाय."

निदान तेव्हा तरी? त्याच्या डोळ्यांत राग असता तर कदाचित बोललो असतो. राग नव्हता. तो माझे उपकार मानत होता. मी हात पुढे केला, बिस्कीट घेतलं. मी खाईपर्यंत तो समोर उभा राहिला. मी ते सगळं खाल्लं आणि त्याला काही सांगितलं नाही.